सोशिक वस्ती

खोकला कानात आला तेव्हा मी ‘शाश्वत’ म्हणत होते. काचेच्या खोक्यात बसायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचे आणि खाली सभागृहात जे बोललं जाईल ते त्याच दमात दुसऱ्या भाषेत बोलत राहायचं, हा माझा धंदा. दुभाषी. लोकांना वाटतं या कामाला फार डोकं लागतं. डोकं सुरुवातीला लागतं. पुढे तोंड आपलं आपण चालायला लागतं आणि डोकं मोकाट सुटतं, गावभर हिंडून येतं. त्यामुळे ‘शाश्वत विकासाच्या दिशेने’ एवढं माझ्या तोंडानं बिनचूक पुरं केलं, आणि त्याच वेळी कुणाच्या तरी उघड्या राहिलेल्या माइकमधून तो खोकला आला: आधी दोन आखूड ठसके, मग एक लांबलचक, अर्ध्यावर गिळलेला, आणि सगळ्यात शेवटी ‘हं’ असा बारीक आवाज, चुकून कुणाच्या पायावर पाय पडल्यावर काढावा तसा. असं खोकणारं माणूस जगात एकच आहे. मी काचेतून खाली वाकून पाहिलं. मंचाच्या डाव्या अंगाला ‘लाभार्थी’ अशी पाटी ठेवलेल्या खुर्च्या होत्या, आणि पहिल्याच खुर्चीवर माझी सख्खी थोरली बहीण बसली होती. ठेवणीतली शाल, पाय खुर्चीखाली घेतलेले, मांडीवर फुकटात मिळालेली कापडी पिशवी आणि तिच्यावर दोन्ही हात, कुणी ती परत मागेल म्हणून घट्ट.

मी बोलत राहिले. थांबता येत नाही, थांबलं की दोनशे माणसं माना वर करून काचेकडे बघतात. बोलणारे आमच्या मदतसंस्थेचे संचालक होते. त्यांना सगळं ऑफिस पाठीमागे ममसाहेब म्हणतं, कारण परदेशातून कुणीही काहीही सांगितलं की हे फक्त ‘मम’ म्हणतात. पुढ्यात पाहुण्या बाई. ज्या देशातून पैसा येतो त्या देशातून आलेल्या, पैसा ज्यांच्या सहीनं सुटतो आणि सहीनंच आवळला जातो त्या. ममसाहेब त्यांच्याकडे बघून सांगत होते, “आणि सर्वांत सोशिक ठरलेली आपली वस्ती क्रमांक अकरा. तिथल्या प्रतिनिधी भगिनी आज इथे उपस्थित आहेत.” मी ते त्यांच्या भाषेत केलं. वस्ती क्रमांक अकरा हे शब्द मी गेले वर्षभर कागदोपत्री इकडून तिकडे नेत होते. ऑफिसात वस्त्यांना नावं नसतात, आकडे असतात. नाव घेतलं की पक्षपात होतो म्हणे. अकरा म्हणजे ताईची बंद पडलेल्या सूतगिरणीमागची वस्ती, हे मला आत्ता, तिच्या खोकल्यानं सांगितलं. आणि अकरा क्रमांकाचं काय व्हायचं आहे ते मला तोंडपाठ होतं, सकाळीच मी ते भाषांतरित केलं होतं: महिनाअखेर दवाखाना उठणार. नर्स जाणार, औषधं जाणार, वाफेचं यंत्र जाणार. ते यंत्र तोंडाला लावून ताई एक दिवसाआड श्वास मोकळा करून येते. गिरणीत कापसाची धूळ छातीत भरून घेतली, गिरणी गेली, धूळ राहिली. सरकारी इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिथवर जायचं तर आधी धड श्वास पाहिजे. गेल्या थंडीत नर्स आठवडाभर रजेवर होती तर ताईचे ओठ निळे पडले होते आणि ही बया मला फोनवर सांगत होती, “काही नाही गं, जरा गारठा पडलाय.”

हे सगळं एका शब्दापायी. हसू येतं मला, पण ते हसू काही बरं नाही. दर चार-पाच वर्षांनी वरून एक नवा शब्द येतो. आधी ‘सहभाग’ आला, तेव्हा वस्त्यावस्त्यांतल्या बायाबापड्यांना उन्हात गोल बसवून जमिनीवर रांगोळीनं आपल्याच वस्तीचे नकाशे काढायला लावले. आपलं घर कुठं आहे हे त्यांना ठाऊकच होतं, ते ऑफिसला ठाऊक नव्हतं. मग ‘सक्षमीकरण’ आलं आणि शिवणयंत्रांची खैरात झाली. त्यातल्या बऱ्याच यंत्रांवर आता टीव्ही ठेवलेले आहेत. शब्द जुना झाला की त्याच्याबरोबर आलेली माणसं बदलून जातात, गाड्या तेवढ्या इथेच राहतात आणि ममसाहेब राहतात. यंदाचा शब्द ‘रेझिलियन्स’. तडाखा बसल्यावर पुन्हा उभं राहण्याची ताकद. वाईट शब्द नाही, खरं तर. पण तो आपल्या भाषेत आणायला समिती बसली, आणि समिती बसली की शब्द झोपतो. एक निवृत्त प्राध्यापक बोलावले होते. त्यांनी ‘स्थितिस्थापकत्व’ काढलं. शाळेत आम्ही हे रबराबद्दल शिकलो होतो. दोन वस्त्यांत तो शब्द नेऊन पाहिला, तिथल्या लोकांना वाटलं कुठला तरी पुतळा बसवायचाय, वर्गणी नको म्हणून त्यांनी दारंच लावून घेतली. मग सोपा शब्द हवा, असं ठरलं. मी म्हटलं, “सावरणं म्हणा. ठेच लागली, माणूस सावरलं. सगळ्यांना कळतं.” ममसाहेबांनी चष्मा काढला. “सावरणं म्हटलं की आधी पडलेलं दिसतं हो. पडलेलं कशाला दाखवायचं आपण? काही तरी पॉझिटिव्ह द्या.” प्राध्यापक लगेच म्हणाले, “सोशिकपणा! आपल्या संस्कृतीतला शब्द आहे.” टेबलावर सगळ्यांच्या माना डोलल्या. बिस्किटं संपली होती, त्यामुळे एकमत झालं.

सोशिक. हा शब्द आमच्या घरात वेगळ्याच कामाला होता. आई कुणापुढेही आम्हा दोघींची ओळख करून द्यायची ती अशी: “थोरली सोशिक हो माझी, धाकटी फटकळ.” थोरली म्हणताना आवाज लोण्यासारखा, धाकटी म्हणताना सुस्कारा. ताईला बघायला मंडळी आली होती तेव्हाची गोष्ट आई मरेपर्यंत सांगत राहिली. ताई आतल्या खोलीत लोखंडी कपाटातून कपबशा काढत होती, मी धसमुसळेपणानं दार लोटलं आणि तिचं बोट फटीत चेमटलं. बाहेर पाहुणे. ताईनं ब्र काढला नाही. दुसऱ्या हातानं ट्रे उचलला, बाहेर गेली, सगळ्यांना चहा दिला, विचारलं त्याची उत्तरं दिली, हसली देखील, आणि मंडळी जिना उतरून गेल्यावर मोरीत जाऊन बसली. नख काळंनिळं झालं, पडलं आणि पुन्हा आलं ते वाकडं. “अशी पोर,” आई म्हणायची, “चटका बसला तरी भांडं न सोडणारी.” सगळे वा म्हणायचे. मला आईचा तेव्हाही संताप यायचा, आज ती नाही तरी येतो. एका मुलीचं बोट चेमटलं आणि तुम्ही सगळे मिळून त्याला दागिना म्हणता. पण खरं सांगायचं तर ताईचाही येतो. ओरडली असतीस तर काय झालं असतं? फार तर ते स्थळ गेलं असतं. ते गेलं असतं तर बरंच झालं असतं, तो माणूस कसा निघाला ते साऱ्या वस्तीला माहीत आहे. त्याच्याबद्दल विचारलं तरी ताईचं उत्तर ठरलेलं. “सोसायचं गं. कोण कायमचं राहतंय.” हे एक मात्र खरं बोलली, नवरा आधी गेला.

आता अशा बायकांच्या दारात ऑफिसची पोरं हातात टॅब घेऊन उभी राहिली आणि विचारती झाली: “संकट आलं तर तुम्ही किती सोसू शकता? अजिबात नाही, थोडं, बऱ्यापैकी, की कितीही?” दारात विचारलं. आत सासू, शेजारच्या दारात शेजारीण, नळावर उरलेली वस्ती. ‘अजिबात नाही’ म्हणायला कोण धजेल? म्हणजे घरात काही तरी बिनसलंय, सून आळशी आहे, नाही तर नवऱ्याचे हातपाय चालेनात. वस्तीच्या वस्ती ‘कितीही’ म्हणाली. आकडे आले तेव्हा ममसाहेबांचे डोळे पाणावले. इतक्या वर्षांत असा निकाल कुठल्याच देशात आला नव्हता. आणि नियम मूळ शब्दाला धरून आधीच केलेला होता: जी वस्ती आपल्या पायावर उभी राहू शकते तिथली मदत काढायची आणि दुबळ्या वस्तीला द्यायची. नियम शहाणा आहे, पाहुण्या बाईही शहाण्या असतील, तक्ते तर फारच शहाणे. फक्त मधल्या मध्ये एका शब्दानं सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली. ज्यांना सोसतं त्यांना प्रशस्तिपत्र, ज्यांना सोसत नाही त्यांना दवाखाना. आणि सोसत नाही असं म्हणणारी वस्ती अजून सापडायची आहे, त्यामुळे दवाखाना तूर्त गोदामात जाणार. मी हे सगळं भाषांतर करताना तोंडातल्या तोंडात फिस्सकन हसले होते. ऑफिसात मी कशालाच विरोध करत नाही, मी फक्त तुच्छ मानते. बसल्या जागी करता येणारा तेवढा एकच व्यायाम आहे.

खाली ताईला हेडफोन चढवायचा प्रयत्न चालला होता. तिचा अंबाडा आड येत होता. तिनं ते काढून हातात धरले, कानाजवळ नेऊन पाहिले, आणि शेजारी उभ्या पोरीला म्हणाली ते माइकमधून मला लख्ख ऐकू आलं, “नको बाळ, आत कुणी तरी गुणगुणतंय. भ्या वाटतं.” आत मी गुणगुणत होते. ममसाहेबांनी काचेकडे बघून बोट वाकवलं: खाली या. मंचावर उभं राहून समोरासमोर करा. खोक्यात शेजारी बसलेल्या दुसऱ्या दुभाष्यानं माइक आपल्याकडे ओढला, तोंडातली पेपरमिंट गालात सरकवली आणि भुवई उडवली, जा. जिना लहानसा होता, पण मला वाटत राहिलं की तो कुणी तरी लांबवतंय. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. तो म्हणतो, ती म्हणते, असलं काही नाही. त्यामुळे मी आजवर दोनदा मंत्री झालेय, एकदा पुरातून वाचलेला मासेमार, कितीदा तरी इंजिनिअर. कुणाचंही मीपण अंगात घालायचं आणि संध्याकाळी खुंटीला लावून घरी जायचं. ताईचं ‘मी’ मात्र मी कधी घातलं नव्हतं. तिला तरी ते घालून मिरवताना कुणी पाहिलंय? तिच्या तोंडून ‘मला हवं’ असं मी उभ्या जन्मात ऐकलेलं नाही. पायऱ्या उतरताना माझं ठरलं की आज ती म्हणेल. मी प्रश्नच असा घालीन की दुसरं काही म्हणताच येणार नाही. आणि नाहीच म्हणाली तर बघू.

मंचावर दिव्यांचा उजेड डोळ्यांवर होता. ताईनं मान वर केली, मला पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. “नमस्कार बाई,” ती म्हणाली. “तुम्ही सांगाल तसं बोलते मी.” तुम्ही! जिनं माझं नाक पुसलं, मला वेणी घालताना पाठीत धपाटे घातले, तिनं मला चारचौघांत तुम्ही म्हटलं. मला कळलं ती काय करतेय. धाकटी मोठ्या ऑफिसात आहे, आपली फाटकी बहीण म्हणून ओळख निघाली तर तिला कमीपणा येईल. हे तिनं मला बघितल्या क्षणी, खुर्चीवर बसल्या बसल्या ठरवून टाकलं होतं. राग इतका आला की डोळ्यांत पाणी आलं. पाहुण्या बाई पुढे झुकल्या. त्यांचा चेहरा चांगला होता, हेच वाईट. त्यांनी अगदी मनापासून विचारलं की आता आमच्या मदतीशिवाय आपण उभ्या राहू शकतो हे कळल्यावर तुम्हाला कसं वाटलं?

मी ताईकडे वळले. “बाई विचारतायत,” मी म्हटलं, “महिनाअखेर तुमच्या वस्तीतला दवाखाना बंद होणार आहे. नर्स जाणार. वाफेचं यंत्र जाणार. कायमचं. तुम्हाला चालणार आहे का? चालणार नसेल तर तसं सांगा. इथेच सांगा, आत्ता. या बाईंच्या हातात आहे.”

ममसाहेबांनी मान वळवली. “एवढं मोठं विचारलं का त्यांनी?”

“आपली भाषा जरा पसरट आहे,” मी म्हटलं.

ताईला हे ठाऊक नव्हतं. तिला सांगितलं होतं, वस्तीला बक्षीस आहे, चला. तिच्या डोळ्यांत एकदम काही तरी उघडं पडलं, अंगावरचं पांघरूण ओढल्यासारखं, आणि तिचा अंगठा त्या वाकड्या नखावर जाऊन ते चोळायला लागला. मी मनात म्हणत होते, ओरड. ताई, ओरड. आज बाहेर पाहुणे असले तरी ओरड. मग तिनं शाल सारखी केली. हसली, तेच ते ट्रे घेऊन आलेलं हसू. “सोसेल की,” ती म्हणाली. “आजवर काय कमी सोसलंय? न सोसून सांगते कुणाला.”

हे त्यांच्या भाषेत होत नाही. पहिलं वाक्य होतं, दुसरं कसंबसं होतं, तिसऱ्याचा चिखल होतो. आणि समजा झालं असतं, तरी पाहुण्या बाईंनी त्यातून पहिलंच उचललं असतं. लहानपणी मी शाळेतून त्यांच्या भाषेचं पहिलं पुस्तक घेऊन आले त्या संध्याकाळी ताई माझ्या फ्रॉकला बटणं लावत होती. तिची शाळा सुटली होती, कुणी तरी एकीनं घर बघायला हवं होतं. मी ऐटीत तिला दोन शब्द शिकवले, यस आणि नो. यस तिला आवडला. “सोपाय,” म्हणाली, “हसता हसता म्हणता येतो.” नो म्हणायचा प्रयत्न केला आणि तिलाच हसू फुटलं. “ओठांचा चंबू होतो गं. मला नाही जमायचं. मला कुठं लागणार आहे तो?” सुई ओठांत धरून हसत बसली. मंचावर उभ्या उभ्या मला ती सुई दिसली, ते बटणसुद्धा, त्याला चार भोकं होती. मी माइक तोंडाशी धरला.

“नो,” मी म्हणाले. पुढचंही त्यांच्याच भाषेत, सावकाश, एकेक शब्द तोडून. “मला हे सोसत नाही. यंत्र नेलं तर मला श्वास घेता येणार नाही. माझ्या वस्तीतल्या कुणालाच सोसत नाही, आम्ही लाजेपोटी हो म्हणालो. दवाखाना नेऊ नका.”

पाहुण्या बाईंचं पेन थांबलं. त्यांनी ताईकडे पाहिलं, खरंच पाहिलं, तक्ता बाजूला सारून बघावं तसं. ममसाहेबांच्या गळ्यातला टाय वरखाली झाला. मला आठवतं, त्या एवढ्याशा वेळात मला कुणाचाच तिटकारा वाटला नाही, ना बाईंचा, ना शब्दाचा, ना आईचा. बाईंनी पुढचं विचारायला तोंड उघडलं. आणि ताईनं शालीतून हात काढला, लहान मूल काही तरी सांडतंय असं दिसल्यावर काढतात तसा, आणि माझं मनगट धरलं. त्या भाषेतलं तिला काही म्हणता काही कळलं नव्हतं. एक शब्द सोडून.

“नो नाही,” ती माझ्याकडे बघत म्हणाली. मग पाहुण्या बाईंकडे वळली, माइकच्या दिशेनं मान उंच केली, आणि ओठांचा तो चंबू नीट, अगदी मन लावून केला. “नो, नो,” माझ्याकडे बोट दाखवून ती हसत म्हणाली. “यस! यस, यस.”

सभागृह हसलं. केवढा दिलासा मिळाला सगळ्यांना! ममसाहेब उभे राहिले, “दुभाषीबाईंचा थोडा गैरसमज झाला,” असं त्यांनी स्वतःच त्यांच्या भाषेत सांगून टाकलं, आणि मग टाळ्या सुरू झाल्या. पाहुण्या बाई दोन्ही हात छातीशी धरून म्हणत होत्या, या आमची भाषा बोलल्या, ऐकलंत ना, आमची भाषा! त्यांच्या सहायकानं तक्त्यात काही तरी टिपलं. ताईच्या हातात प्रशस्तिपत्राची काचेची फ्रेम दिली. उभ्या जन्मात ती एकदाच कुणाला तरी नो म्हणाली आणि ते मला म्हणाली. माझ्या मनगटावर तिची पकड अजून होती. टाळ्यांच्या आडोशानं तिनं खोकून घेतलं, दोन आखूड, एक लांब, आणि ‘हं’ झाल्यावर ओठ न हलवता मला म्हणाली, “तोंडाळ ती तोंडाळच राहिलीस. आत्ता गेली असती ना नोकरी? तुझ्या पोराची फी कोण भरणार होतं?” दिवे डोळ्यांवर होते म्हणून बरं. तिनं मनगट सोडलं, थोपटलं. “ये की कधी दुपारची. घरीच असेन मी आता. वाफेला जायचं नाही, मग काय, वेळच वेळ आहे.”

“काय म्हणतायत त्या?” पाहुण्या बाईंनी कौतुकानं विचारलं.

ममसाहेब बघत होते. मी माइक वर घेतला आणि तंतोतंत सांगितलं, एक अक्षर गाळलं नाही. मी आता घरीच असेन. वाफेला जायचं नाही. माझ्याकडे वेळच वेळ आहे.

“किती छान,” बाई म्हणाल्या.